हाडांचा घसारा हिशोबात धरा



उत्पादन खर्चाचा हिशोब कसा मांडायचा, हे आता गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ झाले आहे. बी-बियाणे, खते, औषधे, पाणीपट्टी, बैलजोडीचे दिवस, भांडवलावरचे व्याज. कृषिमूल्य आयोगसुद्धा अवजारांचा आणि शेतातल्या इमारतींचा घसारा धरतो. घरच्या माणसांची मजुरी धरतो, मग ती कितीही तोकडी का असेना. पंप वापराने झिजतो, आज ना उद्या नवा घ्यावा लागणार, म्हणून दर वर्षी त्याचा थोडा थोडा खर्च पिकावर टाकायचा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच शेतात वाकून खुरपणाऱ्या बाईचे शरीरही वापराने झिजते. त्याचा घसारा मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. आयोगाच्या नाही, बँकेच्या नाही आणि खरे बोलायचे तर आपल्या घरच्या वहीतही नाही. आयोगाशी आणि सरकारशी जे भांडायचे ते आपण भांडतोच आहोत. आज बोलायचे आहे ते घरच्या वहीबद्दल. कारण ही झीज थांबवण्याच्या बऱ्याचशा किल्ल्या दिल्लीत नाहीत, आपल्या चुलीपाशी आणि गोठ्यात आहेत.

वय झाले, असे म्हणून सोडून देऊ नका

गावात कमरेतून काटकोनात वाकलेली म्हातारी दिसली की आपण म्हणतो, वय झाले. न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की म्हणतो, नशीब. अंगणात नुसते हातावर पडून मनगट मोडले की म्हणतो, निमित्त झाले. यातल्या बहुतेक प्रकारांमागे एकच दुखणे असते. डॉक्टर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साध्या मराठीत, हाडे ठिसूळ होणे.

भुंग्याने पोखरलेला वासा बाहेरून धड दिसतो, तसेच हे हाड. आतून ते विरळ होत जाते. दुखत नाही, सुजत नाही, ताप येत नाही. मोडते तेव्हाच कळते. पाठीचे मणके तर पडल्याशिवायही दबतात. भरलेली घागर उचलताना, पोते सरकवताना कंबरेत उसण भरल्यासारखे होते, दोन दिवस बाम चोळला जातो आणि विषय संपतो. पुढे काही वर्षांनी बाई दोन बोटे बुटकी झालेली असते आणि पाठीला बाक आलेला असतो.

गुडघे धरणे हे दुखणे वेगळे. ती सांध्याची झीज. गुडघे दुखत नाहीत म्हणून हाडे मजबूत आहेत असे समजू नये आणि गुडघे दुखतात म्हणून हाडे ठिसूळच झाली असेही नव्हे.

खुबा मोडणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडलेल्या वयस्क माणसांपैकी साधारण पाचातले एक माणूस वर्षाच्या आत जाते. जे वाचतात त्यांतले कितीतरी जण पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. आणि आपल्याकडे ही पाळी पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी येते. म्हणजे ऐन सासू होऊन दोन घास निवांत खायच्या वयात.

तिशीपर्यंत भरायची कणगी

हाड हे दगडासारखे मेलेले नसते. शरीर रोज जुने हाड काढते आणि नवे भरते. वयाच्या तिशीपर्यंत काढण्यापेक्षा भरणे जास्त असते. त्यानंतर काही वर्षे बरोबरीचा व्यवहार चालतो. बाईची पाळी कायमची थांबली की काढणे एकदम वाढते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा कमी होऊ शकतो. पुरुषांचेही हाड उतरते, पण सावकाश.

म्हणजे म्हातारपणी हाड टिकणार की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. तिशीत कणगी किती भरली होती आणि पुढे ती किती वेगाने उपसली गेली. आईबापांच्या रक्तातून आलेला वाटा यात मोठा आहे, तो काही बदलता येत नाही. पण उरलेला वाटा खाण्याचा, कामाचा, व्यसनाचा आणि सवयीचा आहे. त्यावर आपली सत्ता चालते.

कणगी सर्वांत वेगाने कधी भरते? मुलींची बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. मोठेपणी अंगात जेवढे हाड असते, त्यातला सुमारे चौथा हिस्सा या वयातल्या अवघ्या दोन वर्षांत भरतो. अठराव्या वर्षापर्यंत मुलीची कणगी जवळजवळ भरत आलेली असते.

आता आपण या वयात मुलीचे काय करतो ते पाहा. पाळी आली की तिचे पळणे, कबड्डी, खो-खो बंद. तिच्या भावाच्या पेल्यात दूध, तिच्या पेल्यात चहा. शाळा लांब असेल तर शाळाही बंद. आणि मग लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्ने अठरा पुरी होण्याआधी झालेली आढळली. ज्या वयात तिची स्वतःची कणगी भरायची, त्या वयात तिच्या पोटात दुसऱ्याची हाडे घडायला लागतात. खळ्यावरचे धान्य घरात यायच्या आतच सावकाराने उचलावे, तशी ही गोष्ट आहे.

गाईला बाटली, बाळंतिणीला काय?

दुधाचा धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा. चांगल्या दुधाची संकरित गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांत डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. रक्तातले कॅल्शियम एकदम दुधात उतरते आणि गाय बसते. मग रात्री-अपरात्री जनावरांच्या डॉक्टरला आणायचे, शिरेतून कॅल्शियमची बाटली द्यायची. बघता बघता गाय उठून उभी राहते. शहाणा शेतकरी ती वेळच येऊ देत नाही. गाभण काळापासून खुराक बघतो आणि व्याल्यावर खनिज मिश्रण चालू ठेवतो. त्यावर होणारा खर्च त्याला खर्च वाटत नाही, कारण गाय बसली तर धंदा बसतो.

त्याच घरात बाळंतीण असते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधातून रोज दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाकडे जाते. ती गाईसारखी बसत नाही. तिचे शरीर स्वतःच्या हाडांतून काढून रक्ताची भरपाई करते आणि ती कामाला लागते. पाजण्याच्या काळात बाईचे तीन ते पाच टक्के हाड असे खर्च होते. निसर्गाने त्याचीही सोय केली आहे. बाळ अंगावरचे सुटले की पोटभर सकस खाणाऱ्या बाईचे हे हाड पुन्हा भरून निघते. पण त्यासाठी ताटात काही पाहिजे आणि दोन बाळंतपणांत अंतर पाहिजे. गाय बसली म्हणून डॉक्टर आला. बाई बसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्यायच्या, असे केंद्राचे धोरण २०१४ पासून आहे. गोळ्या फुकट आहेत. आशाताई त्या घरी आणून देते. पुष्कळ घरांत त्या देवळीत पडून राहतात. बाळ पोटात मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल, अशी भीती सासू घालते. ती भीती निराधार आहे. एवढेच पाळावे, की लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. एक दुसरीला अंगी लागू देत नाही.

ताटाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये मोठ्या माणसाची कॅल्शियमची रोजची गरज १००० मिलिग्रॅम ठरवली. आधी, २०१० मध्ये, ती ६०० धरली होती. पाजणाऱ्या बाईला आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० लागते.

आता कोरडवाहू भागातल्या बाईचे ताट मांडू. ज्वारीच्या तीन भाकरी, मूठभर भात, पातळ वरण, शेंगदाण्याची चटणी. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीसच्याही आत, तांदळात दहाच्या आसपास. सगळ्या ताटाची बेरीज दोनशेच्या आत राहते. हजाराच्या ठिकाणी दोनशे. असा ताळेबंद सोसायटीच्या सचिवाने वार्षिक सभेपुढे ठेवला असता तर आपण त्याला उभे राहू दिले नसते.

आणि ताट भरायला बाजारात जावे लागते असेही नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. कोकणात, कोल्हापूरच्या आणि नाशिकच्या डोंगरात ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होती. गरिबाचे अन्न म्हणून आपणच तिला ताटाबाहेर काढले आणि रेशनचा तांदूळ प्रतिष्ठेचा केला. पाव लिटर दुधात, किंवा त्याच्या दह्यात, तीनशेच्या आसपास. लोणी काढून घेतले तरी कॅल्शियम ताकातच राहते, तुपाबरोबर जात नाही. म्हणून दाट ताकाचा तांब्या स्वस्तातला सर्वांत चांगला सौदा. बांधावरच्या शेवग्याचा कोवळा पाला, राजग्याची भाजी, दहा ग्रॅम तीळ, कारळ्याची चटणी, किनाऱ्याकडे सुकट. नाचणीची भाकरी, पाव लिटर दूध, मूठभर शेवग्याचा पाला आणि चमचाभर तीळ एवढे वर पडले तर बेरीज हजाराला जाऊन टेकते. पाल्यातले आणि तिळातले सगळेच अंगी लागत नाही, पालकातले तर फारच थोडे लागते. तरी दोनशेवर राहण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मिठाचे मात्र उलटे आहे. जास्त मीठ खाल्ले की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाते. घरात भाजी नाही म्हणून खारट लोणचे आणि ठेचा यांच्यावर भाकरी ढकलायची, म्हणजे येणे कमी आणि जाणे जास्त.

उन्हाबद्दल एक गैरसमज काढला पाहिजे. कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हात कातडीत तयार होते. शेतकऱ्याला उन्हाची काय कमतरता, असे कोणीही म्हणेल. पण पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यापासून तोंडापर्यंत फडके, अशी बाई शेतात असते तेव्हा ऊन तिच्या कपड्यांवर पडते, कातडीवर थोडेच. म्हातारी माणसे तर घरातच असतात. सकाळी सातचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार थोडे असतात. हिवाळ्यात दहा-अकरानंतर, उन्हाळ्यात झेपेल तेवढेच, हात आणि तोंड उघडे ठेवून अर्धा तास बसले तर उपयोग होतो.

राबतात, मग व्यायाम कसला?

मेळाव्यात हा प्रश्न हमखास येतो. आमच्या बाया पहाटे पाचपासून राबतात, त्यांना हाडांचा व्यायाम कसला शिकवता? प्रश्न रास्त आहे. हाडावर भार पडला तर हाड घट्ट होते, हे खरेच आहे. भार नसला तर काय होते ते अंतराळवीरांनी दाखवले. वजनच नसलेल्या जागी राहून त्यांचे मांड्यांचे आणि कमरेचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का उतरते. पण भार हा गवंडी आहे. गवंड्याला विटा पाहिजेत. विटा ताटातून येतात. उपाशी अंगावर नुसता भार टाकला तर भिंत उभी राहत नाही.

दुसरे असे, की राबण्याची पद्धत बदलली आहे. तरुण पोरे बांधापर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जातात. कॉलेजातल्या मुली दिवसभर बसलेल्या. पुढच्या पिढीकडे ना आजीची मेहनत, ना आजोबांच्या घरचे दूध. त्यांची कणगी आज भरते आहे, हे ध्यानात ठेवा.

मिश्री, पुडी आणि पिशवी

आता जरा अवघड बोलायचे.

तंबाखू भाजून केलेली मिश्री आपल्याकडे बाया दात घासायला म्हणून सुरू करतात आणि दिवसातून चार-पाच वेळा लावतात. विडी-सिगारेटने हाड विरळ होते आणि बाईची पाळी लवकर जाते, हे पक्के ठरलेले आहे. मिश्रीत धूर नसला तरी तंबाखू तीच आणि निकोटिनही तेच. आणि मिश्री का लावतात हे बायांनाच विचारा. भूक मारते म्हणून. सगळ्यांची जेवणे उरकेपर्यंत, शेतातून दुपारी परत येईपर्यंत, मिश्रीवर वेळ निघते. म्हणजे ही सवय नुसती बाईची नाही. तिने शेवटी जेवायचे, ही जी घराची सवय आहे, तिच्या पोटी ही जन्मलेली आहे. मिश्री सोड, असे बायकोला सांगणाऱ्याने आधी तिला आपल्याबरोबर ताटावर बसवावे.

पुरुषांनी हसू नये. विडी, गुटखा आणि रोजची दारू पुरुषाचेही हाड खाते. दारू तर दोन्हीकडून मारते, हाड विरळ करते आणि रात्री बांधावर पाडते. खुबा मोडल्यावर दगावण्याचे प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे.

दुसरी गोष्ट पुडीची. कंबर, गुडघे, अंग दुखते म्हणून बाजाराच्या दिवशी कोणाकडून तरी बिननावाच्या गोळ्यांची किंवा पांढऱ्या भुकटीची पुडी घ्यायची. एका दिवसात दुखणे पळते. चेहरा भरल्यासारखा दिसतो, भूक लागते, बाई म्हणते गुण आला. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते तीन-तीन महिने पोटात गेले तर हाड झपाट्याने उतरते. दम्यासारख्या दुखण्यात डॉक्टर मोजून-मापून देतो ते वेगळे. ज्या गोळीचे नाव पाकिटावर नाही ती घ्यायची नाही, हा नियम करा. आणि जे बरेच महिने अशी पुडी घेत आहेत त्यांनी ती एकदम तोडू नये. डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडावी. एकदम सोडण्यातही जिवाला धोका असतो.

तिसरी गोष्ट पिशवीची. अंगावरून जाते, पोटात दुखते, पाळीचा त्रास आहे, काढून टाका पिशवी. मुले झाली, आता तिचा उपयोग काय? असे सल्ले तालुक्याच्या गावी सर्रास मिळतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्याच दिवशी बाईची पाळी कायमची जाते आणि हाडाची उपसणी सुरू होते. बीजकोश ठेवले तरी ते बऱ्याच जणींत ठरल्यापेक्षा लवकर थकतात. पन्नाशीत सुरू व्हायची उपसणी पस्तिशीत सुरू झाली, तर साठीला काय उरेल?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचे प्रकरण २०१९ मध्ये देशभर गाजले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. तोडीच्या हंगामात खाडा झाला की दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत बसायला जागा नाही. मग पिशवीचीच कटकट नको, असे त्या बाईला वाटू लागते. या कानावर ऐकून त्या कानाने सोडण्यासारखी ही गोष्ट नाही. फड आपला आहे. आपल्या उसाच्या टनामागे कोणाच्या हाडांचा घसारा दडलेला आहे, हे ऊस उत्पादकाने विचारायचे नाही तर कोणी?

विनाकारण पिशव्या काढण्याला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक नियम केले. जिल्ह्यापासून देशापर्यंत देखरेख समित्या नेमायला सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ते नियम तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला. आपल्या जिल्ह्यात ती समिती आहे का, ती बसते का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारता येते.

परवडते का ते पाहू

हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, असा आक्षेप येईल. दूध घरात ठेवले तर डेअरीचे बिल घटते, बिल घटले तर हप्ता थकतो. खरे आहे. दुधाला भाव मिळत नाही हे दुखणे आहेच आणि त्यासाठीचा झगडाही आहे. तरी आकडे मांडू. पाव लिटर गाईचे दूध, लिटरला ३० रुपये धरले तर, साडेसात रुपये. वर्षाचे पावणेतीन हजारांच्या आत. दोन बायका आणि एक मुलगी धरली तर आठ हजारांच्या आसपास. लहान रक्कम नाही. पण खुबा मोडल्यावर खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेचा खर्च सहज लाखापुढे जातो. एक माणूस दवाखान्यात, एक माणूस उशाशी, ऐन सुगीत दोन माणसांचे हात गेले. शेवटी गुंठेवारीने जमीन विकायची पाळी येते. पंपाला वेळेवर ग्रीस घालणारा माणूस हा हिशोब समजू शकत नाही, असे कसे म्हणावे?

वय झालेल्यांसाठीही वेळ गेलेली नाही. ज्या बाईची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, जिने बरेच दिवस स्टेरॉइड घेतले, जिची उंची दीड-दोन इंच घटली, जिचे हाड साध्या पडण्याने एकदा मोडले, किंवा जिच्या आईचा खुबा मोडला होता, तिने मोठ्या दवाखान्यात हाडांची घनता मोजून घ्यावी. हाड ठिसूळ ठरले तरी आज त्यावर औषधे आहेत आणि त्यांनी मोडण्याचा धोका कमी होतो. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर गिळणे हा त्यावरचा पुरा उपाय नव्हे. आणि घरात पडणे टाळावे. न्हाणीत शेवाळलेला दगड नको, खडबडीत फरशी हवी. धरायला भिंतीत एक पाइप. रात्री परसात जायच्या वाटेवर दिवा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये.

मेळाव्यात काय ठरवायचे

जिल्हा मेळाव्यात भाषणे होतील, ठराव होतील. त्यात घरच्या वहीचेही चार ठराव असावेत अशी सूचना आहे.

पहिला. डेअरीला कॅन जाण्याआधी घरातल्या प्रत्येक मुलीच्या, बाळंतिणीच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याचे पाव लिटर दूध बाजूला निघेल. पंक्तीत बाई शेवटी बसणार नाही.

दुसरा. अठराच्या आत मुलीचे लग्न आपल्या कार्यकर्त्याच्या घरी होणार नाही. तशा लग्नाला कोणी अक्षता टाकायलाही जाणार नाही. शाळेत मुलींची कबड्डी बंद असेल तर ती सुरू करून घेऊ.

तिसरा. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचे, मत घेतल्याशिवाय बाईला टेबलावर चढू द्यायचे नाही. बीजकोश काढणार की ठेवणार, हे आधी विचारायचे.

चौथा सरकारसाठी आणि कारखान्यांसाठी. जिल्हा रुग्णालयात हाडांची घनता मोजायची सोय करा. ज्या तालुक्यात नाचणी पिकते तिथे ती अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारात द्या, म्हणजे पिकवणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल. उसाच्या फडावर पाणी आणि आडोसा द्या, खाड्याचा दंड बंद करा.

पहिल्या तीन ठरावांना कोणाची मंजुरी लागत नाही. मेळाव्याहून घरी गेल्यावर संध्याकाळी धारा काढायच्याच आहेत. पाव लिटरचे माप तेव्हाच बाजूला काढता येईल.